टेम्पोतून, वळसंगच्या अलीकडंपर्यंत

दुपारी साडेतीनला लाइट गेली, लूम थांबले.
त्रेचाळीस डिग्री. पत्र्याखाली आम्ही अकरा जण
आणि अर्ध्यात राहिलेल्या टॉवेलवर
मानेपर्यंत उमटलेला मोर.

महिबूबनं मोबाइल पुढं केला.
नकाशावर, कर्नाटकाच्या काठाला,
लालभडक डाग, मधोमध जांभळा.
"येतो का?" एवढंच म्हणाला.
बॉबिनची पोती न उतरवताच मी टेम्पोत चढलो.

घरी फोन केला नाही.
सुगुणानं विचारलं असतं, ढगामागं कोण जातं हो?
याचं उत्तर मला आजही येत नाही.
सात वर्षांचा असताना गिरणीच्या चिमणीवर
वीज पडताना पाहिली होती, एवढंच.
तेव्हापासून आभाळ गुरगुरलं
की माझे पाय चपला शोधतात.

अक्कलकोट रोड. बिडी घरकुलात
दारोदारी सुपं, सुपांत तेंदूची पानं.
पुढं करडई निघालेली उघडी रानं,
आणि त्या सगळ्याच्या वर
तो.

डोकं छताला लागल्यासारखं चपटं पसरलेलं,
पोट काळंनिळं,
डाइंगच्या हौदात शनिवारी उरतं तसल्या पाण्याचं.

चमकली.
मी मोजू लागलो, आईनं शिकवलं तसं,
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू...
शेजारी महिबूब एक, दो, तीन, चार.
गडगडलं तेव्हा दोघांचं उत्तर एकच: अठरा.
तीनाला एक किलोमीटर. म्हणजे सहा.
"दाब," मी म्हणालो.
दाबून दाबून टेम्पो पंचेचाळीसवर गेला.

पुन्हा मोजलं. चोवीस.
पुन्हा. एकतीस.
आम्ही जवळ चाललोय आणि आकडा वाढतोय,
हे काही केल्या गणितात बसेना.

टपरीवर पंक्चर काढणारा म्हणाला,
"तिकडं काय बघताव, मागं बघा की ओ."

मागं सोलापूर नव्हतं.

वळीव म्हणतात ते उगाच नाही.
रस्त्याचा मिंधा आम्ही होतो, तो नव्हता;
रानातून आडवा निघून गेला होता.
शहर असायचं त्या जागी
वरून खालपर्यंत नुसता ताणा,
पांढऱ्या उभ्या धाग्यांचा,
आणि मधूनच त्यातून वीज
धोट्यासारखी या काठाहून त्या काठाला.

सुंदर होतं. खोटं कशाला बोलू.
खाली नीलमनगर आहे, हे आठवायला
मला दोन श्वास लागले.

परत येताना महिबूब बोलला नाही.
मी मोजत होतो. एकवीस. बारा. सात.
आयुष्यात पहिल्यांदा
आकडा कमी होऊ नये असं वाटत होतं.
कुंभारीपाशी रस्त्यावर बाभळ आडवी,
मग टपावर गारा,
आपलाच कारखाना अंगावर चालू झाल्यासारख्या.

गल्लीत शिरलो तर सगळं उरकलेलं.
कोंडय्याचे पत्रे तीन घरं सोडून वायरीवर.
कडुलिंबाच्या पाल्याचा हिरवा चिखल.
एकाच्याही तोंडी शब्द नाही,
आणि हवा, लाज वाटावी इतकी गार.

सुगुणा उंबऱ्यात बसून ओली पानं
एकेक उलगडून चादरीवर मांडत होती.
केसांच्या रेषेपाशी टेंगूळ, आवळ्याएवढं.

"लागलं?"
"पानं आत घेत होते."
मग, मान वर न करता,
"फ्रिज उघडा. लाइट नाही, विरघळंल."

बर्फाच्या खणात, स्टीलच्या वाटीत,
एक गार. लिंबाएवढी.
आत कडीच्या आत कडी,
पांढरी, नितळ, परत पांढरी.
कितीदा वर फेकली गेली असंल,
कितीदा खाली येता येता राहिली असंल.

"तुला कसं कळलं, मी—"
"आभाळ वाजलं आन् तुम्ही आला नाही.
म्हणजे गेला असणार."

ती गार मी रुमालात घेतली
आणि तिच्या टेंगळावर धरली.
बाहेर महिबूब भिजलेली पोती उतरवत होता,
मालकाला काय सांगायचं ते स्वतःशीच घोकत.
रुमालातून पाणी झिरपून
मनगटावरून कोपरापर्यंत आलं, थेंब पडला.

"सरका तिकडं," ती म्हणाली,
"पानं भिजतात."