पांढरी पाचच्या जरा वर

तासगावच्या कोल्ड स्टोरेजला तीन नंबर खोली
जानेवारीत रिकामी असते.
रिकाम्या खोक्यांची थप्पी लावली भिंतीभर,
वर दोन वाकळा टांगल्या,
तेव्हा कुठं टाळी परत यायची थांबली.

तिथं मी आठ गाणी रेकॉर्ड केली.
समीउल्ला ऑपरेटर बाहेर स्टुलावर.
"आता कर, चार मिनिटं बंद ठेवतो कॉम्प्रेसर."
माझं एकही गाणं चार मिनिटांच्या वर नाही,
ते ह्यामुळं. लोक त्याला शैली म्हणतील.

शेजारच्या खोलीतला मात्र गुणगुणत राही,
पांढरी पाचच्या जरा वर.
दोन रात्री चिडचिड केली,
तिसऱ्या रात्री गिटारच चढवून घेतली त्याच्यापर्यंत.

आता फॉर्म भरायचाय.
प्रकार: फोक, पॉप, भक्ती.
भाषा: यादी अंगठ्यानं वर ढकलत जायची,
मल्याळम गेली, माल्टीज गेली,
माओरीच्या खाली आम्ही.
कलाकाराचं नाव.
आधारवर अक्काताई शिवलिंग माळगे.
पणजीचं ठेवलंय, तिच्यासारखी दणकट निघावी म्हणून.
पुण्याचा मिक्सिंगवाला सुयोग म्हणतो, अकीरा कर,
लोक थांबून बघतात.

आईनं सहावं गाणं ऐकलं भाकरी थापता थापता,
एकाच कानात, दुसरा इअरफोन बंद पडलाय.
*तुझ्या बोटांना गंधकाचा वास*
ह्या ओळीला तिनं तवा उतरवला.

"चांगलंय. पण गंधकाचं काम मी कधी केलंच न्हाई.
धुरीच्या खोलीत शालन जायची.
तिला अजून दम लागतो जिना चढताना.
तिचं दुखणं माझ्या नावावर कशाला?
मी आपली डिपिंगच्या टाकीवर,
द्राक्षं बुडव, काढ, बुडव, काढ.
वास म्हणशील तर साबणासारखा. बोटं बुळबुळीत.
आणि ते अकीरा काय आहे? कुत्रं आहे का?"

चार दिवस राहिलेत.
सुयोग म्हणाला, ताई, कुणाला कळणारे?
शालनमावशीला कळेल.
ती कवठे एकंदला असते, नातवाच्या मोबाइलवर
सगळं ऐकते, मधल्या जाहिरातीसुद्धा.

गंधक चार मात्रांचा.
टाळीवर असा बसायचा की विचारू नका.
डिपिंग ऑइल कुठल्याच ठेक्यात बसत नाही,
बसवलं तर टमटमच्या मागची पाटी वाटते.
एकोणीस ओळी लिहून खोडल्या बेदाण्याच्या पट्टीवर,
पाठीमागं कुणाचे तरी साडेसात टन.

आणि आता एप्रिल.
तीन नंबर भरलीय छतापर्यंत,
पंधरा किलोची खोकी, खोक्यांवर गावांची नावं,
मणेराजुरी, सावळज, बोरगाव,
आत चार अंश.
समीनं त्याचं जर्किन दिलं. "वीस मिनिटं. दार लोटून घे.
पण कॉम्प्रेसर बंद करायचं बोलू नको,
ह्यात लोकांचं वर्ष आहे."

थंडीत तारा आपोआप चढल्या.
खाली आणल्या, परत चढल्या.
बोटं माझी राहिली नव्हती, तरी पट्टीवर धरली.
खोलीचा घुमारा सगळीकडून येत होता,
त्याच्यातच उभी राहून म्हटलं

*धुरीच्या दाराआड शालन,
टाकीपाशी तू, कोपरापर्यंत ओली*

दुसरी ओळ लांब आहे.
ती मावेना म्हणून मी मध्येच श्वास घेतला,
तो वाफ होऊन माइकवर बसला
आणि आवाज जरा फाटला, 'ओली'च्या 'ओ'वर.
पुन्हा केलं, नीट आलं.
नीट आलेलं ठेवलं नाही.

नावाच्या रकान्यात अक्काताई.
माळगे लिहायला जागा होती, तेही लिहिलं.

शेवटच्या ओळीला समीनं दारावर दोनदा वाजवलं,
वीस मिनिटं झाली.
ते ठोके काढून टाक, असं सुयोगला लिहिलं,
आणि पाठवायच्या आधी
एकदा परत ऐकलं.
ते समेवर पडले होते.