दुधना

आमच्या नदीचं नाव दुधना.
म्हशीला रेडा झाला की सासू म्हणायची,
याला दूध ना.
एवढाच विनोद तिला येत होता
आणि तो ती दर वेताला करायची.

रेडकू म्हणजे दीड महिन्याचा पाहुणा.
पान्ह्यापुरतं तोंड लावू द्यायचं,
दाव्याने मागं ओढायचं,
मग गोठ्याच्या कडेला ते
दिवसेंदिवस हलकं होत जायचं.
कुणी मारायचं नाही त्याला.
मरायचं तेच.

मी हिशोब मांडला तो पोरीच्या भूगोलाच्या वहीत,
मागच्या कोऱ्या पानांवर.
सकाळी एक लिटर, सांजच्याला एक, नव्वद दिवस.
मग सोयाबीनचं भुसकट, तुरीचा चुरा, मूठभर सरकी पेंड,
जंताचं औषध तीनदा.
अठरा महिन्यांनी दोनशे ऐंशी किलो.
रेघ मारली. रेघेखाली पैसे उरत होते.
सासूने वही उलटी धरून पाहिली.
"म्हणजे दूध पाजून मारणार म्हण की."
मी म्हटलं, "हाव.
न पाजता मारण्यापेक्षा."

काटा आणला सेलूच्या बंद पडलेल्या जिनिंगमधून.
त्याच्या फटीत अजून कापूस होता.
पहिलं रेडकू त्यावर उभं राहिलं आणि मुतलं.
एकतीस किलो.
मुतासकट की मुताशिवाय,
यावर घरात वाद झाला.

गाव मला यमाची मावशी म्हणायला लागलं.
कीर्तनात बाया जरा सरकून बसायच्या.
दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदेला,
त्याच गोदेच्या काठी, वर पैठणला,
एक रेडा वेद बोलला म्हणतात.
बोलून झाल्यावर त्याला प्यायला काय दिलं,
हे मी बुवांना एकदा विचारलं.
बुवा पुढच्या ओवीवर गेले.

धंदा वजनाचा, पण तो सुरू होतो रात्री.
उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका.
हंबरत नाही, अंगावर येत नाही,
शेपूट जरा बाजूला
आणि शेणाशेजारी काचेसारखा एक धागा.
मी बॅटरी घेऊन दोनला उठते, धागा शोधते.
सकाळी डवरे डॉक्टर टाकी घेऊन येतात,
झाकण काढलं की गार धूर.
तीनदा उलटली ती म्हैस मी ठेवत नाही.
ढवळी माझी आवडती होती, तीही नाही ठेवली.
तिचं नाव खोडताना हात थांबला नाही.
नंतर चहा गाळताना थांबला.

वाहेद कुरेशी परभणीहून टेम्पो आणतो.
आधी पाठीच्या कण्यावरून अंगठा,
मग शेपटीच्या मुळाशी चिमूट.
त्याचा अंगठा आणि माझा काटा
चार किलोच्या आत जुळतात.
तो भाव पाडतो, मी चहा लांबवते.
कधी तरी म्हणतो, "भाभी, हे पोसलेलं दिसतंय."
त्या दिवशी मी भाव फार ओढत नाही.

या खेपेला बारा.
बाराव्याच्या कपाळावर चांदवा,
तीनशे चौदा किलो,
सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत कमी पेंडीत.
वाहेदने त्याच्या पाठीवर ठेवलेला अंगठा उचललाच नाही.
मी म्हटलं, हा नाही.
"कायकू?"
याची पैदास घ्यायची.
शिंगं बघ, खांद्यापर्यंत जातील.
मुका माजसुद्धा याला वासाने कळेल,
माझी झोप वाचेल.

सगळं खरं होतं.
जो जास्त भरतो त्यालाच मागं ठेवायचा,
म्हणजे पुढचे बारा त्याच्यासारखे निघतात.
वहीत लिहिलं, ठेवला.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, वाढ.
सासू मागून बघत होती. वाचता येत नाही तिला,
तरी बराच वेळ बघत होती.

अकरा गेले. टेम्पोची धूळ बसली.
चांदवा आपला आपण जाऊन काट्यावर उभा राहिला,
सवयीने.
मी आकडा लिहून घेतला.
तीनशे पंधरा.
अजून मुतला नव्हता.