दर दुसऱ्या गुरुवारी

मेडिकलच्या मागच्या गेटजवळ, जुन्या इमारतीत,
दुसऱ्या मजल्यावर, जिथला पंखा फक्त तीनवर चालतो,
तिथे मी सतरा नंबर.
नाव लिहायचं नाही असा नियम आहे.
तीस वर्षं इतवारीत, गांधीबागेत, मस्कासाथीत
रिक्षावर भोंगा बांधून मी दुनियेची नावं पुकारली:
हरवलेलं पोर, साड्यांचा सेल,
टाकी धुणार म्हणून उद्या नळ बंद.
माईकवर शुद्ध बोलायचो. घरी नागपुरी.
आता जिभेचा डावा काठ नाही
आणि ळ येत नाही.

नळ म्हणायला गेलो की नल होतो.
बायकोचं नाव मंगळा.
ती म्हणते, मंगला म्हना नं, काय बिघडते,
अर्धी दुनिया तसंच म्हनते.

मोहरील मॅडम गाठ मोजतात.
एकवीस मिलिमीटर. मग एकोणीस. मग पुन्हा एकवीस.
आकडा लिहिताना त्यांचा श्वास किंचित अडतो.
मला वाटतं, माझ्यासाठी.
मग वाटतं, आकड्यासाठी.
मग वाटतं, अडला हे काय कमी आहे.

गोळी पांढरी. खरी की खडूची, मला माहीत नाही,
मॅडमलाही नाही.
कुठल्याशा कॉम्प्युटरला माहीत आहे, तो सांगत नाही.
सही केली त्या कागदावर छापलं होतं:
आपणास थेट लाभ होईलच असे नाही.
मी ते मोठ्यानं वाचलं, सवयीनं.
त्यात एकही ळ नव्हता. झकास आलं.

एकदा विचारलं, मॅडम, तुमाले काय पाह्यजे?
त्या पेनाचं टोपण शोधत म्हणाल्या,
तुम्ही बरं व्हावं, हे तर आहेच.
पण तुम्ही एकटेच बरे झालात
तर मला काहीच कळणार नाही.

बैद्यनाथ चौकापर्यंत पायी आलो.
डांबर चपलेला धरत होतं.
एकटेच बरे झालात तर.
माझ्या घरी सगळे नेमकं तेच मागतात,
मंगळा टेकडीच्या गणपतीला, शेजारचा रहमत ताजबागेत:
फक्त हा एक. बाकीच्यांचं त्यांचा देव पाहील.
आणि मॅडमला बाकीचेच हवेत,
अजून आजारी न पडलेले,
पानठेल्यावर उभ्या उभ्या खर्रा घोटणारे,
ज्यांना मी कधी पुकारणार नाही.
राग आला. पोहे मागवले.
तर्री अशी झोंबली की डोळे गळायला लागले.
पोहेवाल्यानं काही विचारलं नाही.

दुखण्याच्या कागदावर सहा चेहरे असतात,
हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.
मी नेहमी दुसऱ्यावर बोट ठेवायचो.
घरची सवय. मंगळा विचारते, मी म्हणतो ठीक आहे,
ती म्हणते बरं,
आणि आम्ही दोघं झोपल्याचं सोंग करतो.
मागच्या गुरुवारी मॅडमनं फायलीतून मान वर केली.
काका, मला खूश करू नका.
जसंच्या तसं सांगा, नाहीतर सगळं वाया जाईल.
चिडल्या होत्या. खरंच, कान लाल.

मी पाचव्यावर बोट ठेवलं.
मग रात्री तीनचं सांगितलं,
उशी चावतो ते, पाणी नाकातून येतं ते,
कॉटन मार्केटला निघालेले ट्रक मोजत पडतो ते.
त्या लिहीत होत्या.
एकदाही म्हणाल्या नाहीत, होईल बरं.
तीस वर्षं बोललो,
लिहून कुणी घेतलं नव्हतं.

प्रवासभत्ता तीनशे. तिकिटावर सही.
पुढचा नाही, त्याच्या पुढचा गुरुवार, म्हणाल्या,
आणि अठरा नंबरला आत बोलावलं.

जिन्यात कुणी नव्हतं.
हळूच म्हणून पाहिलं. नल.
पुन्हा. मंगला.
खालून चौकीदार ओरडला,
कोनाले आवाज देऊन राह्यले?
बायकोले, म्हणालो.