वसमत-अकरा

लिंबाजी पेंटरवर फिल्म निघाली तेव्हा
मी आवाजाच्या कामाला होतो.
काठीच्या टोकाला माइक, माइकला केसाळ टोपी.
मोंढ्यातली पोरं विचारायची,
'हे मांजर कामून टांगलंय हो?'

हळदीचा सीझन.
पॉलिशचा ड्रम फिरायला लागला की
कानात दुसरं काही मावत नाही.
मॅडम हात वर करायच्या, थांबा.
आम्ही थांबायचो. ड्रम कशाला थांबतो?

लिंबाजी बारदान्यावर चित्रं काढतो.
फाटकं पोतं उसवायचं, खडू-डिंकाचा हात द्यायचा.
रंगाखालून 'निव्वळ वजन ५० किलो' दिसत राहतं,
ते तो झाकत नाही.
मॅडमनी विचारलं, कामगारच का?
म्हणाला, 'तीस वर्षं पाट्या रंगवल्या.
मालकाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, अँड सन्स.
हमालाचं नाव लिहावं
तर पाटीवर जागाच सुटायची नाही.'
मग ब्रश रॉकेलात बुडवला.
तो बुडवल्याचा आवाज माझ्याकडं आहे.

शेख महेबूबला स्टुलावर बसवलं.
बसणं त्याला जमेना.
मान पुढं जाई, हात मांडीवरून घसरत.
'हात कुठं ठेवू?'
'असू दे असतील तिथं.'
दहाव्या मिनिटाला तोच उठला,
'पाठीवर पोतं द्या एक,
मग मान बरोबर येती.'
आणि आली.
लिंबाजीनं पोतं काढलंच नाही चित्रात.
नुसती ती मान.

प्रयागबाईनं स्वतःला बघितलं,
चाळणीवर वाकलेली.
'तोंड मपलंच हाय,' म्हणाली,
'पर हे हात कुण्या मालकिणीचे लावलेत?'
आपल्या नखातली हळद खरवडून
तिनं बोटानंच चित्रातल्या नखांत भरली.
लिंबाजी सही करायची विसरला त्या चित्रावर,
का केली नाही,
मी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी मला हवी होती
एक मिनिट नुसती शांतता.
प्रत्येक जागेची वेगळी असते, घेऊन ठेवावी लागते.
मालकाच्या हातापाया पडून ड्रम बंद केला.
म्हटलं, हलू नका, बोलू नका.
चोवीस माणसं उभी राहिली
कामाच्या वेळेत, काम न करता.
ड्रम घरघरत घरघरत निवला.
पत्र्यावर कावळ्याची नखं.
महेबूबचा श्वास, आत जाताना बारीक शिट्टी वाजते त्याची.
कुणीतरी खोकला दाबला,
दाबलेला जास्त ऐकू येतो.
चाळिसाव्या सेकंदाला प्रयागबाई पुटपुटली,
'सरलं का ओ? हजेरी कापतेत.'

फिल्मभर ते मिनिट आहे,
लिंबाजी बोलतो त्याच्या खाली अंथरलेलं,
कुणाच्या कानाला कळणार नाही इतकं पातळ.
तिचं वाक्य तेवढं काढायला लावलं मला.

काढलं.
कापलेला तुकडा सहा सेकंदांचा,
त्याला नाव दिलं, वसमत-अकरा,
आणि पुसला नाही.