वायसर

आमच्या गल्लीत नळाचा वायसर मिळत नाही.
चुंबकं मिळतात: संसदेची, साखळीच्या पुलाची,
लाल मिरचीच्या माळेची,
एकेका दुकानात चाळीस तऱ्हेची.
वायसरसाठी दोन ट्राम बदलून
बुडापेस्टच्या पार कडेला जावं लागतं,
आणि तिथला दुकानदार पत्ता ऐकून म्हणतो,
"पाचव्या वॉर्डात? माणसं राहतात अजून?"

राहतात.
चौथ्या मजल्यावर, आतल्या चौकाकडे तोंड करून.
फाटकावर घंट्यांशेजारी पूर्वी आडनावं असायची,
आता ‘स्टुडिओ डॅन्यूब’, ‘स्टुडिओ डॅन्यूब दोन’, नुसते आकडे.
माझं नाव कागदावर, पावसाने फिकटलेलं.
आणि एक पितळी पाटी,
दर शनिवारी लिंबाने घासलेली:
वेरेत्स्केई एतेल्का.
आडनाव आधी, आमच्या रीतीप्रमाणे.

रात्री दोनला सगळे तीच घंटा दाबतात.
ती उठते, गाऊनवर कोट चढवते,
कठड्याला धरून लिफ्टपर्यंत जाते.
किल्लीच्या पेटीचा आकडा पाहुण्यांना आठवत नाही,
तिला सगळ्या पेट्यांचे पाठ आहेत.
शिव्याही देते, पण हंगेरियनमध्ये,
त्यांना वाटतं, स्वागत.

भाजीला निघालो की
चर्चसमोर कुणीतरी कुणाचा तरी फोटो काढत असतं.
पूर्वी थांबायचो, हाताने ‘होऊ द्या’ म्हणायचो.
आता सरळ मधून जातो.
कुठे कुठे लागलो असेन मी,
ओसाकातल्या एखाद्या भिंतीवर, कडेला, अर्धा,
पिशवीतून कांद्याची पात बाहेर आलेली.
हा कोण, असं तिथे कुणी विचारलं नसणार.

जानेवारीत बॅगांची चाकं थांबतात.
चौकात बर्फ.
गालिचे झटकायच्या लोखंडी दांड्यावर बर्फ;
त्यावर गालिचा पडून किती वर्षं झाली.
अठ्ठेचाळीस खिडक्या, त्यातल्या तीन उजळ.
मी दिवा मालवून पडतो
आणि भिंतीपलीकडे एतेल्काचा नळ
टप.
मग बराच वेळ काहीच नाही,
इतका वेळ की मी कोपरावर उठून बसतो.
टप.

वायसर कोटाच्या खिशात आहे,
आज आठवा दिवस.
पाना तिच्याकडेच आहे, नवऱ्याचा.
बसवायला दहा मिनिटं लागतील.
तिनेही अजून विचारलेलं नाही.