एकोणिसावं मिनिट

फहाहीलमध्ये जुलैत दोन्ही तोट्यांतून गरमच पाणी येतं.
मी दिवसभर गच्च्यांवर असतो, लोकांचे एसी दुरुस्त करत,
आणि संध्याकाळी दार उघडता उघडता शरयू म्हणते,
"परत गेला. आज एकोणिसाव्या मिनिटाला."

गेला म्हणजे कॉम्प्युटर.
ना कुरकुर, ना निळा पडदा, ना काही सूचना.
कोपऱ्यावरच्या बकाल्याचे हिशेब ती घरून लिहिते.
साबणाचं खोकं अर्धं टाइप झालेलं, आणि खट्.
काळ्या काचेत तिचाच चेहरा,
एक बोट अजून सातावर.

पहिल्या शुक्रवारी व्हायरस शोधले.
तीन सापडले, बिचारे, निरुपद्रवी.
दुसऱ्या शुक्रवारी मेमरीच्या पट्ट्या काढून
रेवतीच्या कंपासमधल्या खोडरबराने घासल्या.
हवल्लीच्या दुकानातला कुंजप्पन म्हणाला,
पॉवर सप्लाय बदला, चौदा दिनार.
बदलला. त्या रात्री सव्वीस मिनिटं चालला,
आम्ही शेवयांची खीर केली.
दुसऱ्या दिवशी पुन्हा एकोणीस.

यंत्राच्या पोटात त्याची स्वतःची एक वही असते,
काय झालं ते तारीखवार लिहिलेली.
सगळे झोपल्यावर मी ती उघडली.
पानंच्या पानं एकच वाक्य:
मागच्या वेळी यंत्र अनपेक्षितपणे बंद पडलं.
कारण नाही. फक्त वेळ, सेकंदापर्यंत.

खाली खाली जात राहिलो, जुन्या नोंदींपर्यंत.
तिथे अजून मुजफ्फर हुरझूकचं नाव होतं.
खालच्या मजल्यावरचा, दाभोळचा.
अकरा वर्षं एकाच कंपनीत, मग एक कागद,
आणि नऊ दिवसांत फ्रिज, पलंग, हा कॉम्प्युटर,
सगळं जिन्यात मांडून विकलं त्याने.
मी पंचेचाळीस म्हणालो. त्याने नुसती मान हलवली.
दाभोळचा माणूस, आणि घासाघीस केली नाही.
ते मला अजून खटकतं.

शेवटी पाठ खोलली.
लाज वाटावी असं आत होतं.
माझा धंदाच हवेचा, कॉइल धुण्याचा, पंखे झटकण्याचा,
आणि माझ्याच टेबलाखाली
जाळीवर तौझ बसलेला, बोटभर जाड,
मार्चमधलं ते केशरी वादळ, त्याच्या आधीचीही,
चाळलेल्या पिठासारखी मऊ.
तळाशी हुरझूकची धूळ असणार, वर आमची.
मध्ये रेघ नव्हती.

साइटवरचा ब्लोअर मागून आणला.
शरयूची ओढणी तोंडाला बांधून बाल्कनीत बसलो,
समोरचा मिसरी शेजारी खिडकी लावता लावता ओरडला.
प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली होती,
स्पिरिटने पुसली, नवी लावली,
तांदळाच्या दाण्याएवढी.
जास्त लावतात ते शिकाऊ.

मग तिघं पलंगावर बसून घड्याळाकडे बघत राहिलो.
सतरा. अठरा.
"बाबा, श्वास घ्या," रेवती म्हणाली.
एकोणीस.
वीस.
चाळिसाव्या मिनिटाला कुणीतरी कुकर लावला
आणि आम्ही बघायचंच विसरलो.

दोन महिने झाले. एकदाही बंद पडला नाही.
तरी शरयू एक ओळ लिहिते
आणि दोन बोटं आपोआप डाव्या कोपऱ्याकडे जातात.
चहापत्ती सहा, सेव्ह.
टूथपेस्ट बारा, सेव्ह.
"अगं, आता कशाला?" मी म्हटलं.
"असू दे," ती म्हणाली, वर न बघता.

माझा इकामा सहा तारखेला संपतो.
कागद आत गेलेत, होईल म्हणालेत ऑफिसात,
गेल्या वर्षीही असंच म्हणाले होते आणि झालं होतं.
मी हे तिला आज जेवताना सांगितलं.
तिने ताटं उचलली, पुन्हा खुर्चीत जाऊन बसली.
तांदूळ, वीस किलो, चार पोती.
दोन बोटं.
खट्.