बिटाचा रंग

बिटाचा रस थंड पाण्यात निघतो.
गरम पाण्यात घातलात तर बसलाच कायमचा.
हे मला कोणी शिकवलं नाही.
तीन पांढरे झगे वाया गेले,
पगारातून पैसे कापले, तेव्हा कळलं.

रूआंच्या नाटकघरामागे, नदीच्या अंगाला माझी मोरी.
तिथून रंगमंच दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं.
चाळीसाव्या प्रयोगापर्यंत नाटक तोंडपाठ झालं:
वेढा पडलेलं शहर, दोन भाऊ,
थोरला सेनापती, धाकटा वेशीवरचा पहारेकरी.
धाकट्याने एका रात्री दिंडी उघडली
आणि तहानेने तडफडणाऱ्या शत्रूच्या पोरांना
चार पखाली पाणी दिलं.
बस, एवढाच गुन्हा.
पाचव्या अंकात थोरला त्याला स्वतःच्या हाताने मारतो.
आधी रडतो. मग मारतो. मग बोलतो,
छत्तीस ओळी, जवळजवळ एका दमात:
मातृभूमी, शपथ, कुळाची अब्रू.
शेवटच्या ओळीला छताचे पोपडे पडतील अशा टाळ्या.

मेलेल्याला टाळ्या नसतात.
तो विंगेतून येतो, झगा काढून माझ्याकडे फेकतो,
म्हणतो, ओझान, गळ्यापाशी नीट घास गं,
वाळला की मान खाजते.

आमच्याकडे छत्तीस ओळी नव्हत्या.
बाप एवढंच म्हणाला,
"ब्रोशारांच्या घरात पळपुटा निपजलेला नाही,"
आणि टोपी चढवून चौकीवर गेला.
ऑबें सफरचंदांच्या तळघरात होता, अकरा दिवस.
रात्री पाव न्यायचे मीच.
शिपाई आले तेव्हा त्याच्या हातात
अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं.
"हे संपवू का?" त्याने विचारलं.
जमादार भला माणूस, हो म्हणाला.
मग आम्ही सगळे, शिपाई, बाप, मी,
उभे राहून त्याचं खाणं बघत राहिलो.
बिया त्याने खिशात टाकल्या.

वसंतात सम्राटाच्या फौजेतून पत्र आलं.
नदी ओलांडताना, असं लिहिलं होतं.
नदीचं नाव पाद्रीबुवांनाही वाचता येईना.
शेवटी शाबासकीच्या दोन ओळी.
त्यानंतर बाप रस्त्याने निघाला की
लोक टोप्या काढून वाट द्यायचे.
कुळाला डाग लागू दिला नाही म्हणायचे.
डागांतलं मला कळतं.
डाग गेला म्हणजे कुठे गेला?
पाण्यात. आणि ते पाणी
कुणालातरी उपसावं लागतं.

मागच्या गुरुवारी बाप नाटकाला आला.
पास मीच दिला होता. का, ते विचारू नका.
आयुष्यात पहिल्यांदा मोरी सोडून
पडद्याच्या फटीशी जाऊन उभी राहिले, नाटक बघायला नव्हे.
छत्तीस ओळी झाल्या. लोकांनी टोप्या उडवल्या.
तोही टाळ्या वाजवत होता.
उजव्या हाताची दोन बोटं त्याने जुन्या लढाईत दिलेली,
त्याच्या टाळीला आवाज नाही.
वाजवत राहिला. गर्दी ओसरली,
दिवे मालवणारा पोऱ्या बाक ओढू लागला,
तरी वाजवतच होता.

मग मागे आला.
झगा पाण्यात होता, पाणी गुलाबी.
कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला नाही, टेकला नुसता.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"ती पोरं... पाणी प्याली ना?
म्हणजे दिंडी बंद व्हायच्या आत?"

नाटकात ते कुठेच सांगितलेलं नाही.
मी म्हटलं, प्याली. पोटभर.

त्याने बाह्या वर सारल्या.
"हो बाजूला. बादली जड आहे."

थंडच ओता, मी म्हणाले.